बसलेली लांडोर उठत नाही

माझी बायको दम्यानं गेली असं गाव म्हणतं. मी म्हणतो, ती माझ्या चुलतभावानं लावलेल्या आगीनं गेली. लिहायचा मला सराव नाही. शाळा चौथीत सुटली ती मेंढरांमागं. पण मी बोलायला लागलो की लोक म्हणतात, "आबा, जाऊ द्या आता." कागद तसं म्हणत नाही. आणि चुलतभावाला वाचता येतं, माझ्यापेक्षा चांगलं येतं. त्यानं हे वाचावं.

आमचं गाव शिरूर तालुक्यात, पाबळच्या अंगाला. मुरमाड माळ, चिंचेची झाडं आणि मोर. सुट्टीच्या दिवशी बाहेरचे लोक गाड्या घेऊन येतात, मोराचे फोटो काढतात, हुरडा खातात आणि जातात. लांडोर समोरून चालत गेली तरी कुणी मोबाईल वर करत नाही. मातकट रंगाची, पिसारा नाही, तिच्यात बघायचं काय? माझी बायको मात्र लांडोरीच बघायची. तिचं माहेर दौंड तालुक्यातलं, केडगावच्या पुढं, कॅनॉलच्या पाण्यावरचं. उसाच्या गारव्यातून मी तिला ह्या माळावर आणली. नवीन होती तेव्हा डोक्यावर हंडा घेऊन चढ चढता चढता मला म्हणाली, "तुमच्याकडं मान्सं थोडी आन् मोर जास्त. आन् दोघंबी नुसते वरडत्यात."

तिनं मला दाखवलं ते मी एवढी वर्षं माळावर हिंडून पाहिलं नव्हतं. मोराला आपली अंडी कुठं आहेत ते ठाऊकसुद्धा नसतं. तो चिंचेवर बसतो, खाली उतरला की नाचतो, परत वर जातो. लांडोर एकटी गवतात भुईवर बसते. कुत्रं तिथंच येतं, मुंगूस तिथंच येतं, विळाही तिथंच फिरतो. आणि एकदा बसली की ती उठत नाही. पाय पडेपर्यंत उठत नाही. मोर लांबून बघून उडून जातो, म्हणून तो म्हातारा होतो.

आमच्या मेंढरांत उलटं असतं. नर कोकरू जरा अंगावर आलं की खाटकाकडं जातं, मेंढी राहते, पाच-सहा वेतं देते. मी लहानपणापासून तेच बघितलं. मला वाटायचं सगळीकडं नरच आधी मरतो. ती म्हणाली, "पाखरात बघा जरा. मरायला बाईच."

दुसरं एक तिनं दाखवलं. पिल्लं मोठी झाली की नर तिथंच घुटमळतात, ज्या चिंचेखाली वाढले त्याच चिंचेवर झोपतात. लांडोरी निघून जातात. ओढा ओलांडतात, टेकडी ओलांडतात, कुठं जातात कळत नाही. परक्या माळावर जायचं म्हणजे तिथली कुत्री ठाऊक नाहीत, पाणी ठाऊक नाही. त्यात पुन्हा काही मरतात. आमची एकुलती लेक आम्ही पाटसला दिली. मांडव उतरवल्यावर बायको अंगणात बसून म्हणाली, "गेली बघा वढ्यापल्याड." मी तेव्हा हसलो होतो.

आता आगीचं सांगतो.

आमच्याकडं पेरणीच्या आधी बांध पेटवायची रीत आहे. वर्षभराचं कुसळीचं गवत वाळून खडंग होतं, काडी लावली की तासाभरात बांध साफ. उंदीर जातात, तण जातं. आणि चुलतभावासारखा माणूस असला तर राखेखालून बांध हातभर आपल्याकडं सरकवताही येतो. त्याचं आणि माझं वावर लागून. त्या उन्हाळ्यात वळीव लवकर झाला होता आणि एक लांडोर मधल्या बांधावर आमच्या अंगाला लवकरच बसली होती. बायको रोज लांबून बघून यायची. जवळ जायची नाही.

मी त्या दिवशी शिरूरच्या बाजाराला गेलो होतो. दुपारच्या एसटीनं परत आलो तर बांध काळा, आणि बायको ओट्यावर बसलेली. भुवया जळालेल्या, हाताला फोड, शेजारी ओलं पोतं. पदर ओच्यात खोचलेला आणि त्यात अंडी.

"लांडोर?" मी विचारलं.

"उठली न्हाई," ती म्हणाली. "वर सगळी करपली. खाली हात घातला तर अंडी उबदार."

काही अंडी शिजली होती. बाकीची तिनं खुडूक कोंबडीखाली ठेवली. त्यातून चार पिल्लं निघाली. रानपाखरू घरात पाळायची परवानगी नसते हे मला नंतर कुणीतरी सांगितलं. मी त्याला म्हणालो, मी पाळली नाहीत, कोंबडीनं पाळली, तिच्यावर केस करा.

धूर तिच्या छातीत बसला तो उतरलाच नाही. दमा तिला होता, नव्हता असं मी म्हणत नाही. थंडीत थोडी धाप लागायची. पण त्या दिवसानंतर ती झोपलीच नाही, उशीला टेकून बसायची. शिरूरला दाखवलं, मग लेकीनं दौंडला नेलं. तिथून मी तिला परत आणली ती बोलत नव्हती.

ती आजारी असताना चुलतभाऊ एकदाच आला. दारातच उभा राहिला. माझ्याकडं न बघता पिल्लांकडं बघत म्हणाला, "वहिनींचा दमा जुनाच हाय, आबा. आन् पाखरापायी कशाला पळायचं ह्या वयात?"

हे वाक्य मी विसरलो नाही. झोपेतसुद्धा ऐकू येतं.

दहाव्याला नदीवर गेलो. पिंड मांडला आणि कावळा शिवेना. दोन कावळे बाभळीवर बसलेले, खाली यायचं नाव नाही. आमच्यात अशा वेळी माणसं एकेक करून गेलेल्याला शब्द देतात. ज्यात जीव अडकला असेल त्याचा शब्द मिळाला की कावळा शिवतो. लेक म्हणाली, "आई, आबांना मी एकटं टाकनार न्हाई." नाही शिवला. तिच्या माहेरचे म्हणाले, भाच्याच्या लग्नात तुझा मान देऊ. नाही शिवला. मग चुलतभाऊ पुढं झाला, हात जोडून. "वहिनी, आबांकडं आमी बघतो." कावळा उडून आणखी लांबच्या फांदीवर बसला. एकजण हसलासुद्धा.

मग मी उठलो. मोठ्यानं म्हणालो, "ज्यानं आग लावली त्याला मी सोडनार न्हाई. आता खा."

कावळा खाली आला आणि त्यानं भाताला चोच लावली.

ऊन चढलं होतं, कावळ्याला भूक लागली असेल, हे मलाही कळतं. मी खुळा नाही. पण सगळ्यांच्या माना चुलतभावाकडं वळल्या आणि त्याचं तोंड उतरलेलं मी डोळ्यांनी पाहिलं. शब्द दिला तो दिला.

आता सोडायचं नाही म्हणजे करायचं काय? मारामारीला हातात जोर नाही. पोलिसात गेलो असतो तर म्हणाले असते, डॉक्टर दमा म्हणतोय. मी बसून विचार केला आणि मला पिल्लं दिसली.

मोर भुईमुगाचा काळ. पेरलेला दाणा उकरून खातो, कोवळं पान खातो, शेंग धरली की शेंग खातो. आणि त्याला कुणी हात लावू शकत नाही, सरकार मागं लागतं. चुलतभाऊ भुईमूगच करतो. मी ठरवलं, ही चार वाढवायची, ह्यांची आणखी होतील, माळभर होतील, आणि दरसाल त्याच्या वावरात उतरतील. त्याला काठी उचलता येणार नाही, दगड मारता येणार नाही. नुसतं बघायचं. मी शेणाच्या गोवऱ्या उलटून वाळवी खायला घातली. बाजरी, मटकी घातली. कोंबडी त्यांना चालायला शिकवायची आणि मी त्यांना मधला बांध ओलांडायला शिकवायचो. त्याच्या बाजूला मूठभर दाणे टाकायचे की जातात बरोबर.

दोन नर निघाले, दोन लांडोरी. एका लांडोरीच्या डाव्या पायाचं मधलं बोट वाकडं होतं, अंड्यातूनच तसं आलं होतं.

आणि मग बायको सांगायची तेच झालं. नर राहिले. माझ्या दाराच्या चिंचेवर राहिले, खाऊन खाऊन माजले, पिसारे फुटले. लांडोरी एका हिवाळ्यात निघून गेल्या. आधी एक, मग वाकड्या बोटाची. मी माळभर हाका मारत हिंडलो, डब्यात दाणे वाजवत हिंडलो. लोकांना वाटलं म्हातारा बायकोला हाका मारतोय. वाटू दे त्यांना. माझ्याकडं उरले दोन नर, जे सकाळ-संध्याकाळ गळा काढायचे आणि कुणी नसताना नाचायचे. दोन नरांनी कसली फौज होते? चुलतभावाचा भुईमूग जरा उकरला गेला, तेवढ्यावर त्यानं साड्यांचं कुंपण करून घेतलं. वर मला ओट्यावर बसलेला बघून हात करायचा. "आबा, तुमच्या मोरांचा बराय की आवाज!"

लेकीचा फोन यायचा. "आबा, या की हिकडं. एकटं काय करताय तिथं?"

"काम हाय."

"कसलं काम?"

"हाय."

ती पाटसला, कारखान्याच्या धुराड्याखाली, दोन म्हशी आणि सासू सांभाळत. मला नेऊन ठेवायला तिला जागा होती. मला जाता येत नव्हतं. शब्द बाकी होता.

ह्या उन्हाळ्यात मी ओढ्यापल्याड शेळी शोधायला गेलो. तिथं माळाच्या टोकाला चुलतभावाचा दुसरा तुकडा आहे, त्याचा बांध कमरेएवढा गवताळलेला. शेळी नाही सापडली. गवतात डोळा दिसला. लांडोर बसलेली होती. मी हाताच्या अंतरावर उभा, तरी हलली नाही. एक पाय जरा बाहेर होता. मधलं बोट वाकडं.

मी तसाच मागं सरकलो. घरी येऊन ओट्यावर बसलो आणि मला खुदकन हसू आलं. पुष्कळ दिवसांनी आलं.

कारण चुलतभाऊ पेरणीआधी तो बांध पेटवणार, हे ठरलेलं. त्याला तिथं लांडोर आहे हे ठाऊक नाही, मी सांगणार नाही. बसलेली लांडोर उठणार नाही. जळालेली लांडोर, जळालेली अंडी, आणि काडी लावताना त्याचा फोटो. माळाच्या तोंडाला फॉरेस्टवाल्यांची पाटी आहे, त्यावर नंबर. लेकीनं दिवाळीला मला नवा मोबाईल दिला होता आणि फोटो काढायला शिकवलं होतं. शेळी संध्याकाळी आपणहून घरी आली होती, तिचेच फोटो काढून मी सराव केला. मग रोज सकाळी भाकरी बांधून ओढ्याच्या अलीकडं बाभळीखाली जाऊन बसायला लागलो. लोक म्हणाले, आबाचं मन रमायला लागलं. रमायला लागलंच होतं.

तो आला. त्याची बायको बरोबर, कळशी घेऊन. वारा बेताचा होता. त्यानं बांधाच्या खालच्या टोकाला बसून काडी ओढली. विझली. दुसरी ओढली. गवतानं धरली. मी फोटो काढला. तो आणि आग, दोन्ही नीट आलं.

आता नुसतं बसायचं होतं. आग बांधानं वर सरकत होती. लांडोर वरच्या टोकाला. चिंचेवरून एक मोर ओरडला, दुसऱ्यानं साथ दिली.

तेव्हा माझ्या डोक्यात आलं ते सांगतो. दया आली असं कुणाला वाटेल तर वाटू दे, तसं नव्हतं. मला दिसलं, उद्या फॉरेस्टची गाडी येईल, ह्याला धरतील, पेपरात येईल. काय येईल? मोर मारला म्हणून धरला. गाव म्हणेल, पाखरापायी आत गेला बिचारा. माझ्या बायकोचं नाव कुणाच्या तोंडी येणार नाही. ती दम्यानंच गेलेली राहील. त्याला लांडोरीची शिक्षा होईल आणि माझ्या बायकोचं काहीच होणार नाही. दहाव्याला मी काही लांडोरीसाठी शब्द दिला नव्हता.

मी उठलो. कोरडा ओढा ओलांडला, बांधावर चढलो आणि लांडोरीच्या शेजारी गवतात मांडी घालून बसलो. ती फक्त माझ्याकडं मान वळवून बसली. धूर नाकात आला. म्हटलं येऊ दे.

त्याच्या बायकोनं पाहिलं. "अवं! आबा बसल्यात वर! इझवा! इझवा आधी!"

तिनं कळशी रिकामी केली. तो लिंबाचा डहाळा तोडून झोडपायला लागला. मी बघत होतो. माझ्या बायकोनं एकटीनं ओल्या पोत्यानं जे केलं ते आज तो करत होता, पाय भाजत, खोकत, डोळे पुसत. चांगला खोकला. मला बरं वाटलं. खोटं कशाला लिहू?

आग विझली तेव्हा ती आमच्यापासून बैलगाडीभर लांब होती. तो धापा टाकत वर आला.

"आबा, मरायचंय का तुमास्नी?"

"तुझ्या हातनं आमच्या घरातलं एक मानूस गेलंय. पुरं झालं."

"हितं बसायचं काय काम?"

मी बोट दाखवलं. त्यानं लांडोर पाहिली आणि हातातला डहाळा खाली टाकला. मग म्हणाला, "मला काय ठावं हितं पाखरू हाय ते?"

"तवाबी ठावं नव्हतं तुला?"

"न्हाई ना, आबा. आईशप्पत."

तोवर त्याची बायको मागून वर आली होती. डोक्यावरचा पदर नीट करत, माझ्याकडं न बघता, नवऱ्याला म्हणाली, "आईची शपथ कशापायी घेताय? तवा ठावं व्हतं. वहिनी सकाळीच यिऊन सांगून गेल्या व्हत्या. भावजी, लांडोर बसलीया, ह्या अंगाला लावू नगा, म्हनून. मी चुलीपाशी व्हते."

"तू गप."

"इतकी वरसं गपच हाय की."

हे मला ठाऊक नव्हतं. बायकोनं मला सांगितलंच नव्हतं. भावकीत आग नको म्हणून सांगितलं नसेल. काठी हातात होती. ती उचलली असती तर एकच घाव बसला असता आणि तो बरा झाला असता.

"म्हन," मी म्हणालो.

"काय म्हनू?"

"कोन गेलं?"

त्यानं बायकोकडं पाहिलं. ती ओढ्याकडं बघत होती.

"वहिनी," तो म्हणाला.

"कशानं?"

"...आगीनं."

"कुनाच्या?"

"माझ्या."

"दम्यानं न्हाई?"

"न्हाई."

मी मोबाईल काढून फोटो दाखवला. काडी, आग, तो. म्हणालो, "आता हेच उद्या सकाळी डेअरीवर म्हनायचं, समदं गाव दूध घालायला आल्यावर. न्हाई म्हनलास तर ह्यो फोटो फॉरेस्टला, बसल्या लांडोरीला आग लावली म्हनून. तुझं तू ठरीव."

"आबा, पाया पडतो. लोकांत नगं."

"पाया वहिनीच्या पडायचं व्हतंस. तवा दारातनंच गेलास."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सगळ्यात आधी डेअरीवर जाऊन बसलो. तो कॅन घेऊन आला. दूध घातलं, आणि तिथंच दुधाचं फॅट बघायच्या मशीनपाशी उभं राहून खाली मान घालून म्हणाला, "आमच्या वहिनी माझ्या आगीनं गेल्या. त्यांनी सांगूनबी मी लावली." मागून कुणीतरी म्हणालं, "ऐकू आलं न्हाई, मोठ्यानं की!" त्यानं परत म्हटलं. कॅनची झाकणं वाजत राहिली. एक म्हातारा माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "झालं आबा. आता सोडा त्याला."

"तुमी सोडा," मी म्हणालो. "मला जमनार न्हाई."

घरी आलो तो तिला सांगायला म्हणून थेट आत गेलो. चूल थंड होती. मी तिथंच तिच्या पाटावर बसलो, बराच वेळ. ज्या माणसासाठी एवढं केलं त्याला सांगता येत नाही, ह्याचा सूड कुणावर घ्यायचा ते मला अजून कळलेलं नाही.

मग रागानं उठलो आणि ओढ्यापल्याड गेलो. लांडोर बसली होती. पुढं पाऊस लागला, पिल्लं निघाली, आणि ती वाकड्या बोटाची त्यांना घेऊन थेट त्याच्या नव्या भुईमुगात उतरली. तिथं साड्यांचं कुंपण नव्हतं. मी शिकवलं नव्हतं, आपणहून उतरली. तो बांधावर डबा बडवत उभा असतो. दगड उचलत नाही. मला दिसतो तो.

लेक म्हणते, "आबा, त्यानं गावासमोर कबूल केलं. आता तरी या." येईन म्हणालो. पुढच्या उन्हाळ्यात तो बांध पेटवतो का नाही, तेवढं बघून येईन.

परवा तो ओट्यापाशी आला. बसला नाही, मी बस म्हटलं नाही. घुटमळत म्हणाला, "आबा, तुमी म्हनलात ते समदं केलं. आता त्यो फोटो पुसा की."

"मला पुसायला येत न्हाई," मी म्हणालो.

येतं. लेकीनं शिकवलंय.